ग्रामसभेतला सत्कार घ्यावा की नाही? (दारू थांबून बरीच वर्षं झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सांगावं)

माहुलीघाट

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातला, कामाला साताऱ्यात. मी मद्यपी आहे आणि आज प्यायलेलो नाही, ही माझी ओळख. दारू थांबली तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत होती, आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तेव्हापासून साताऱ्यातल्या एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, या मद्यपींनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला जातोय. त्या वेळी एमआयडीसीत दुसऱ्याच्या लेथवर होतो, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे.

विचारायचं ते असं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माझा सत्कार करायचं गावानं ठरवलंय. फेटा, शाल, श्रीफळ, आणि मी चार शब्द बोलायचे. सरपंच स्वतः घरी येऊन सांगून गेले. त्यांच्या मनात खोट नाही. गावातली तरणी पोरं दारूनं गेलीत, कारखान्याचं बिल जमा झालं की ढाबे भरतात, यात्रेच्या दिवसांत तर विचारायलाच नको. गावातलाच माणूस समोर उभा राहिला तर पोरं ऐकतील असं त्यांना वाटतं.

माझं मन तयार होत नाही. दारू मी सोडली असं मला म्हणवतच नाही. माझ्या जोरावर सोडायला गेलो तेवढ्या वेळा तोंडावर आपटलो. पालीच्या खंडोबापुढं भंडारा उचलला, तो खोटा केला. माळ घातली, ती खुंटीला अडकवून प्यायलो. भावकीच्या सामाईक विहिरीवरची मोटर रात्रीत सोडवून विकली, त्या उन्हाळ्यात चुलत्यांचा ऊस उभ्या उभ्या वाळला. त्यानंतर जे बरं झालं त्यात माझा वाटा फार थोडा. डॉक्टरांनी फिट यायच्या आत दाखल करून घेतलं. गटातले एक काका, आता हयात नाहीत, लुनावरून आमच्या गावाला यायचे. पाऊस असो, थंडी असो. ओट्यावर बसून स्वतःचीच गोष्ट सांगायचे, मला उपदेशाचा एक शब्द नाही. बायकोनं शिलाईवर घर चालवलं. ज्या मालकांचा जॉब मी नासवला होता त्यांनीच परत मशीनवर उभं केलं. एवढ्या माणसांनी ओढून बाहेर काढलेल्याच्या खांद्यावर शाल घालायची, हे मला पटत नाही.

शिवाय एएच्या बारा परंपरांमधली, म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांमधली, शेवटची परंपरा निनावीपणाची. माणसापेक्षा तत्त्व पुढं ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. स्टेजवर चढलेली माणसं घसरलेली पाहिलीत.

मला वाटलं होतं बायको म्हणेल, कशाला ते. ती म्हणाली, "घ्यायचा." का, म्हणून विचारलं तर भाकरी थापत राहिली. चार दिवस झाले, तेवढंच म्हणते. म्हणून इथं विचारतोय.

हरिपूरकर

दादा, नका घेऊ. मी सांगलीकडचा. का म्हणतो ते सांगतो.

दारू थांबून काही वर्षं झाल्यावर मला शाळा-कॉलेजांत, गणेश मंडळांत बोलवायला लागले. पहिल्यांदा पाय लटपटले. मग सवय झाली. टाळ्या कुठं पडतात ते कळायला लागलं, तसा मी तिथं जरा थांबायला लागलो. घरात घडलेल्याला तिखटमीठ लागलं. बायकोवर हात उचलल्याचं सांगताना माझा आवाज भरून यायचा, समोरच्या बाया डोळे पुसायच्या. आणि त्याच गोष्टीबद्दल घरात मी तोवर तिच्याशी एकदाही नीट बोललेलो नव्हतो. परक्यांपुढं रडणं सोपं जात होतं.

पूर्वी मीटिंगच्या आधी सतरंजी मी घालायचो, चहा मी करायचो, कप मी विसळायचो. ते काम नव्या पोरांवर टाकलं. उशिरा जायला लागलो, गेलो की पुढच्या खुर्चीवर. कोणी नवीन माणूस शेअरिंग करत, म्हणजे आपली गोष्ट सांगत, असला की मनात यायचं, यात नवीन काय आहे. ते मनात आलं तेव्हाच मी घसरलो होतो. ग्लास हातात पुष्कळ नंतर आला, पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री. बाकीच्यांना खरं वाटेना. मला वाटलं.

परत मीटिंगला गेलो त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. एकानं खुर्ची पुढं केली. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आजतागायत ते काम माझ्याकडं आहे.

तरडगावचा_टाळकरी

रामकृष्ण हरी. हरिपूरकर, तुमचं खरं हाय, पन समद्यांचं तसंच हुतं असं न्हाई.

मी मिटिंगा केल्या न्हाईत. माळ घातली, वारीला चालाय लागलो, सुटली. कुणाची कशी, कुणाची कशी. आमच्या हितनं माउलींची पालखी जाती, चांदोबाच्या लिंबाला पयलं उभं रिंगण हुतं, ठावं आसल तुमाला. दिंडीत भेटला की जो त्यो दुसऱ्याच्या पाया पडतो. पयल्या साली एक म्हातारं माज्या पायाला हात लावाय वाकलं. मी आदल्या शिमग्यापतुर गटारीकडंला पडणारा मानूस! माजी वाचाच गेली. मागं सरलो. तर म्हातारं म्हनलं, "सरकू नगं. वाक." मी वाकलो. तवापासनं येकच धरलंय, समोरचा वाकला तर आपन पळायचं न्हाई, आपन बी वाकायचं.

गाव शाल घालतंय तर घ्या. वाका. भाषान मातूर नगा करू.

हळदपेठ

माहुलीघाट दादा, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. वहिनी चार दिवस एकच शब्द म्हणतायत आणि तुम्ही इथं अनोळखी लोकांना विचारताय. त्यांना नीट विचारलंत का? भाकऱ्या थापणाऱ्या बाईला दारात उभं राहून विचारलेलं मी धरत नाही.

आमच्या घरातलं सांगते. मिस्टरांची दारू सुटली आणि ते एकदम नम्र झाले. कोणी कौतुक केलं की हात जोडायचे, "माझं काय आहे त्यात, सगळी त्याची कृपा." पाहुण्यांना अगदी साधुपुरुष वाटायचे. त्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडून बँकेचं पासबुक घेतलं. "तू फार सोसलंस, आता आराम कर, मी बघतो." मुलाचं कॉलेज, सासूबाईंचं ऑपरेशन, घराचं छत, पिण्याच्या वर्षांत हे सगळं मी केलं होतं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं हिशेब लिहून केलं होतं. आणि आता जे ठरायचं ते त्यांच्या नि देवाच्या मध्ये ठरायला लागलं. मला आराम नको होता. मला विचारलेलं हवं होतं.

ते भांडण आमच्यात वर्षभर चाललं. मी अल-अनॉनला जायला लागले, घरच्यांसाठीचे गट असतात ते. 1951 सालापासून हे गट आहेत, म्हणजे बायकांना हे फार आधीच कळलेलं होतं की पिणारा थांबला म्हणून घर आपोआप बरं होत नाही. तिथं मला माझं बोलता आलं. मग ते घरातही बोलता आलं. आज पासबुक दोघांच्या नावावर आहे.

म्हणून म्हणते. नम्र व्हायचं तुम्ही एकट्यानं ठरवायचं आणि त्याची किंमत घरातल्या बाईनं मोजायची, असं होऊ देऊ नका. तुम्ही सत्कार नाकारलात तर गावात तुमचंच नाव आणखी होईल, बघा किती साधा माणूस. वहिनींचं काय?

चार_भिंती

हळदपेठ ताईंनी लिहिलं त्याच्यापुढं माझं बोलणं कोरडं वाटेल, तरी लिहितो.

मी साताऱ्यातलाच, देव न मानणारा. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्यांत देव येतो म्हणून पहिल्या मीटिंगमधून उठून गेलो होतो. 'आम्हाला उमजला तसा' अशी मोकळीक तिथं आहे हे नंतर लक्षात आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याच साताऱ्यात परिवर्तन ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली आणि दुसरीकडं जन्मभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं. त्यांच्या गावात देवाशिवाय दारू सोडायला मला अवघड वाटायचं कारण नव्हतं. आभार मानायला मला माणसं पुरतात.

मला नेहमी एएची सुरुवात आठवते. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं अॅक्रन गाव. धंद्याच्या कामात अपयश आलेला एक माणूस, बिल विल्सन, शेअर बाजारातला, काही महिन्यांपासून न प्यायलेला, हॉटेलात एकटा. शेजारी बार. त्याला अनावर इच्छा झाली. त्यानं फोन फिरवले आणि बोलायला दुसरा कोणी दारुडा मिळतो का ते शोधलं. मिळाले ते डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. दोघं तासन्‌तास बोलत बसले. आज ज्याला आपण सेवा म्हणतो तिची ही सुरुवात आहे. बिल डॉक्टरांवर उपकार करायला गेला नव्हता, स्वतःचा जीव वाचवायला गेला होता. डॉक्टर त्याच्या उपयोगी पडले.

तेव्हापासून नवीन माणूस दारात आला की मी त्याचे आभार मानतो. मनातल्या मनात नाही, तोंडानं. त्याला कळत नाही, चेहरा विचित्र करतो, पण मी मानतो.

निनावीपणाचं म्हणाल तर वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा अशा ठिकाणी एएचा सभासद म्हणून नाव झळकवू नये, हे अकराव्या परंपरेत आहे. गावात तुम्ही कोण होतात आणि कोण आहात हे शेंबड्या पोरालाही माहीत असणार. तिथं लपवण्यासारखं काही उरत नाही. एएच्या वतीनं बोलू नका, फोटो पेपरात देऊ नका म्हणून सांगा, एवढं सांभाळलं की झालं.

मिरज_वॉर्ड

मी मिरजेत नर्स आहे. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही. तुम्ही मनाचं बोलताय, मी शरीराचं बोलते, कारण मला नम्रपणा तिथून शिकायला मिळाला.

यकृतावर चरबी चढते तोवर दारू थांबवली तर ती बहुतेक वेळा उतरते. सिरोसिस होऊन यकृत आकसलं की ते पूर्वीसारखं होत नाही. दारू थांबली तर पुढची झीज रोखता येते, आयुष्य वाढतं, पण गेलेलं परत येत नाही. आता दोन माणसं घ्या, सारखीच पिणारी, सारखीच वर्षं. एकाचं यकृत अजून टिकून, दुसऱ्याच्या पोटात पाणी झालेलं, अन्ननलिकेतली शीर फुटून रक्ताची उलटी. यात कोणाची इच्छाशक्ती? कोणाच्या रक्तातच हा आजार घरातून आलेला असतो, कोणाच्या नाही. कोणाला वेळेवर बेड मिळतो, कोणाचं गाव लांब पडतं.

"मी ठरवलं म्हणून वाचलो" असं म्हणणाऱ्या माणसाला आमच्या वॉर्डात यावंसं वाटलं तर या. तिथं ठरवलेली माणसंच झोपलेली असतात.

द्राक्षबाग

मिरजेच्या ताईंनी लिहिलं म्हणून धीर करते. मी तासगावकडची. माझे मालक अशाच एका वॉर्डात गेले.

त्यांची दारू शेवटी थांबली होती. मीटिंगला जायचे, मला एसटीत बसवून घेऊन जायचे. हसायला लागले होते. पण उशीर झालेला. पुढच्या छाटणीपर्यंत राहिले नाहीत.

ते गेल्यापासून एक वाक्य फार ऐकते. अमकीनं सोसलं म्हणून तिचा नवरा माणसात आला. कार्यक्रमांत सांगतात, बायका माना डोलावतात. मग मी कमी सोसलं का? माझ्या सोसण्यात काय उणं होतं? आणि सोसायचं तरी का, हे कोणी सांगत नाही. गावातल्या एका पोरीला रोज मार बसतो, तिला तिची आई हेच सांगते, अमकीकडं बघ, सोस, सुधारेल. नाही सुधारला तर?

माहुलीघाट दादा, तुम्ही जगलात याचा मला आनंद आहे, मनापासून. सत्कार घ्या, नका घेऊ. पण बोललात तर आमच्या मालकांसारख्यांचंही बोला. ते हरले असं कोणाला वाटू देऊ नका. शेवटचे महिने ते शुद्धीत जगले. माझ्या लेकरांना तेवढा बाप मिळाला, त्याबद्दल मी ज्यांना भेटेन त्यांचे हात धरते.

नवा_खातेदार

मधेच लिहितोय, माफ करा. वाळवा तालुका. भाऊ काल सकाळपासून प्यायला नाही, घरच्यांनी खोलीत कोंडून घातलाय. आज हात लय थरथरतायत, घामानं भिजलाय, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतोय. मुंग्या नाहीत. सगळे म्हणतात दोन दिवसांत उतरेल. खरंय का?

मिरज_वॉर्ड

नाही. आधी दार उघडा आणि त्याच्याजवळ कोणीतरी बसा. लगेच 108 ला फोन करा, किंवा गाडी असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी पळते. त्यात माणूस दगावतो. हा हट्ट नाही, आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगा, रोज किती प्यायचा, शेवटचं कधी प्यायला, आधी कधी फिट आली होती का, पडून डोक्याला मार लागला आहे का. जेवण तुटलेलं असेल तर तेही सांगा, बी-1 म्हणजे थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं. बांधून ठेवू नका. आणि कोणी ती दारू सुटायची डायसल्फिरामची गोळी जेवणात गुपचूप घाला म्हणून सांगेल, ती त्याला न सांगता आणि डॉक्टरांना न विचारता कधीच द्यायची नाही. वरून दारू प्यायला तर जिवावर बेततं.

हरिपूरकर

मी सांगलीत आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, नंबर इथं उघड देऊ नका. सांगलीला आणत असाल तर मी सिव्हिलच्या दाराशी थांबतो. इस्लामपुरातच घेतलं तर तिथं येतो.

नवा_खातेदार

दाखल केलं. गाडीतच फिट आली, पण पोचलो. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. हरिपूरकर काका रात्रभर बाकड्यावर बसून होते. आईला चहा त्यांनीच आणून दिला. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर घेईनात. म्हणाले, भाऊ शुद्धीवर आला की माझी गोष्ट त्याला ऐकू दे, मला ती सांगायची गरज आहे.

सगळ्यांचे उपकार झाले.

चार_भिंती

उपकार नका म्हणू भाऊ. तुमच्या भावाचे आभार. का ते वर लिहिलंय, तेवढं एकदा वाचा सवडीनं. पुढं व्यसनमुक्ती केंद्राबद्दल विचारायचं झालं तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

माहुलीघाट

धाग्यावर यायला उशीर झाला. हळदपेठ ताई, तुमचं वाचून मी गप्प झालो आणि त्याच संध्याकाळी तिच्यासमोर बसलो. तिनं मशीन बंद केलं. तिनं सांगितलं ते इथं लिहू का म्हणून विचारलं, लिहा म्हणाली.

मोटर विकल्यानंतर ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर भावकी बसली होती. मला बोलावणं होतं, मी पिऊन पडलो होतो. ती गेली. गाव जमलेलं, ती उभी. चुलते बोलले, चुलत्या बोलल्या, माझ्या आईबापाचं निघालं, तिच्या माहेरचं निघालं. ती म्हणाली, हप्त्यानं पैसे देते. आणि दिले. ब्लाउजला ब्लाउज जोडून दोन दिवाळ्या जाईपर्यंत दिले.

मला हे माहीत नव्हतं. मला एवढी वर्षं वाटत होतं की चुलत्यांनी पैसे सोडून दिले. दारू थांबल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेलो, मोटरचे पैसे पुढं केले, ते म्हणाले, "राहू दे रं, झालं गेलं." केवढा मोठा माणूस, असं मी मीटिंगमध्ये कितीदा सांगितलंय. त्यांचे मोठेपण खोटं नाही, त्यांनी तिला शब्द दिला होता की मला कळू देणार नाही, मी पुन्हा पिईन म्हणून. तिचं म्हणणं असं की ज्या पारासमोर तिनं मान खाली घातली, त्याच ठिकाणी गाव आता आमच्या घराला चांगलं म्हणतंय, तर ते ऐकायला तिला तिथं असायचंय. तुम्हाला नको असेल, मला हवंय, म्हणाली.

आठव्या पायरीची यादी मी मनापासून केली होती. ज्यांचं नुकसान केलं त्यांची. तिचं नाव सगळ्यात वर होतं, पुढं बरंच काही लिहिलेलं होतं. तो पार त्यात नव्हता. ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं मी या धाग्याच्या सुरुवातीला मोठ्या विश्वासानं लिहिली, 'शिलाईवर घर चालवलं' एवढ्यात तिला बसवलं. माझ्यासाठी कोणी काय केलं ते सगळं मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं, मला ठाऊक नसलेलंच जास्त असेल. लुनावाले काका घरी आमच्याबद्दल काय सांगून निघत असतील? त्यांच्या घरच्यांनी किती ताटं झाकून ठेवली असतील? त्यांच्या मुलाला जाऊन भेटणार आहे.

लेथवर जॉब लावायच्या आधी सेंटर बघतोच आपण, काल बरोबर होतं म्हणून आज सोडून देत नाही. दहावी पायरी, रोज आपली झडती घ्यायची, मी तशीच रोज करतो असं मला वाटायचं. पण मी फक्त माझ्या बाजूनं बघत होतो.

तरडगावचा_टाळकरी

मग तर वैनींचा बी सत्कार करा म्हनावं सरपंचाला. जोडीनं बसवा. खणानारळानं वटी भरा.

हळदपेठ

काका, तुमचा भाव कळतो, पण ओटी भरून तिला सोशिक म्हणून मोकळे होतील. द्राक्षबाग ताईंनी लिहिलंय ते परत वाचा. सोसण्याचा सत्कार झाला की घरोघरी सोसायचा हुकूम निघतो. तिनं काय केलं? कर्ज फेडलं. पंचायतीला सामोरी गेली. घर चालवलं. यासाठी तिचं कौतुक करायचं असेल तर करावं, पण मला विचाराल तर तिच्या हातात माईक द्या.

द्राक्षबाग

माईक द्या. आणि तिला काय बोलायचं ते कोणी शिकवू नका.

तरडगावचा_टाळकरी

बरुबर हाय ताई. म्या मागं घेतो शबूद.

माहुलीघाट

काल दोघं मिळून सरपंचांकडं गेलो. तिनंच सांगितलं. शाल नको, आधी ती बोलेल, मग मी दोन मिनिटं. माझ्या दोन मिनिटांत त्या पारावरचं मी सांगणार आहे, सगळ्या गावासमोर, तिच्या परवानगीनं. बाकी गोष्ट नाही सांगणार. हरिपूरकर काका, टाळ्या कुठं पडतात ते शोधायला वेळच मिळणार नाही. चुलते आता थकलेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, मला खुर्चीवर बसवून न्या.

सरपंच जरा नाराज झाले, फेट्याची ऑर्डर गेली होती. मग तिनं दुसरी गोष्ट काढली. गावाला खरंच काही करायचं असेल तर ग्रामपंचायतीचा हॉल दर गुरुवारी संध्याकाळी मीटिंगला द्या. ते लगेच तयार झाले, फुकट घ्या म्हणाले. फुकट नको म्हणून मी सांगितलं. एए गट बाहेरची देणगी घेत नाही, सातवी परंपरा आहे ती, आपला खर्च आपल्यातच उभा करायचा. त्यांना ते चमत्कारिक वाटलं, पण भाडं ठरलं आणि पावती मिळणार आहे. साताऱ्याच्या गटातले तिघं सुरुवातीला यायला तयार आहेत. घरच्यांसाठी वेगळी बैठक हवी असं तिचं म्हणणं आहे, शेजारच्या अंगणवाडीत. हळदपेठ ताई, तुम्हाला एकदा यायला जमेल का? तिनं विचारायला सांगितलंय.

हळदपेठ

येते. पहिल्या गुरुवारी नाही, दुसऱ्या. मिस्टर गाडी चालवतील, ते तुमच्या खोलीत बसतील, मी आमच्या.

नवा_खातेदार

भाऊ जनरल वॉर्डात आणलाय. बोलतोय. लाज वाटते म्हणतो, गावात तोंड कसं दाखवू. माझ्या गावात अशी मीटिंग नाही. हरिपूरकर काका म्हणाले सांगलीला घेऊन ये. आणतो.

तरडगावचा_टाळकरी

दादा, आमच्या आळीतला येक पोरगा हाय. आजून पितो. येतो म्हनतोय, पन पिऊनच यील, त्येच्याबिगार त्यो घराभाईर पडत न्हाई. चालतंय का? का आदी सुटू दे म्हनू?

माहुलीघाट

आणा काका. प्यायलेला असला तरी बसू दे, फक्त गोंधळ करायचा नाही. थांबवावीशी वाटते एवढं असलं की पुरे, बाकी कुठली अट नाही, फी नाही, नावही सांगायची सक्ती नाही. त्याची इच्छा असेल तर बोलेल. जाताना रिकाम्या पोटी नेऊ नका, आणि त्यानं लगेच थांबवायचं म्हटलं तर आधी दवाखाना, मिरजेच्या ताईंनी लिहिलंय तसं. लोणंदवरनं येणारी एसटी कोरेगाव स्टँडला लावते, तिथं मी स्कूटर घेऊन थांबतो. निघताना फोन करा, नंबर निरोपात टाकलाय.